सात वाजेपर्यंतचं गरम पाणी

विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर राहून गरम पाण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि सव्वा वर्ष मी त्याच्या घरात भाडेकरू होते. सिंगापुरात भर दुपारी थंड पाण्याचा नळ सोडला तरी कोमट पाणी येतं. इथल्या बहुतेकांना गरम पाणी लागतं ते चहाला आणि नूडल्सला. पण माझे घरमालक काका असं मानत की आंघोळीचं पाणी आधी साठ अंशांपर्यंत तापलेलं असावं, मग त्यात गार पाणी घालून ते चाळीसवर आणावं, आणि हे सगळं सकाळी सातच्या आत आटपावं. "गार पाण्याने जे होतं ते भिजणं," ते म्हणायचे. "आंघोळ ही वेगळी क्रिया आहे."

काका मूळचे पुण्याचे. तिथल्या एका कारखान्यात आणि नंतर पंचवीसेक वर्षं इथल्या एका कारखान्यात ते यंत्रांच्या देखभालीचं काम बघत. इतकी वर्षं ते आणि काकू बुकित तिमाहला भाड्याच्या काँडोत राहिले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला आणि त्यातली लहान खोली मला दिली. आईच्या मैत्रिणीची ओळख होती, एवढंच. मी गेले तेव्हा घरात रंगाचा वास होता आणि काका बाथरूममध्ये स्टुलावर उभे राहून एका प्लंबरशी बोलत होते. प्लंबरच्या पायाशी पंचावन्न लिटरची स्टोरेज हीटरची टाकी होती. "अंकल, सिंगापूर ऑलरेडी सो हॉट," तो म्हणाला. "यू वॉन्ट सो बिग फॉर वॉट? टेक इन्स्टंट लाह, प्रेस बटन ओन्ली, चीप ॲण्ड गुड." काकांनी त्याच्याकडे, माणूस चुकीच्या धंद्यात आला आहे अशा नजरेने पाहिलं. मग माझ्याकडे वळून, ओळखपाळख व्हायच्या आत, विचारलं, "तू सांग. इन्स्टंट हीटर वीज कधी खातो?" मी म्हटलं, "आंघोळ करताना." "बरोबर. म्हणजे तुझ्या मर्जीने खातो. आणि स्टोरेज? माझ्या मर्जीने." सिंगापुरातलं माझं पहिलं मराठी संभाषण ते.

काकांच्या मर्जीचा पाया होता ऑफ-पीक. इथे वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक, आणि त्यांच्या योजनाही. काहींत चोवीस तास एकच दर; काहींत रात्री अकरा ते सकाळी सात वीज स्वस्त आणि दिवसा महाग. काकांना दुसऱ्या प्रकारची योजना हवी होती. रात्री शहर झोपतं, कारखाने मंदावतात, विजेवरचा लोड उतरतो. अशा वेळी पाणी तापवून ठेवायचं आणि दिवसभर वापरायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फॉर्म भरायला बसवलं, कारण मी इंग्रजी माध्यमातली. मी लॅपटॉप उघडला आणि काकांनी विषय उघडला. त्यांच्या उमेदवारीच्या काळातली भट्टी, मग तिथली रात्रपाळी, मग एका बॉयलरचा स्वभाव. पडद्यावर दोन योजना शेजारीशेजारी होत्या. एकीवर घड्याळाचं चित्र होतं, दुसरीवर सूर्य आणि चंद्र. खाली सूचना आली की दोन मिनिटांत हे पान बंद होईल. काकांना मध्येच थांबवून "यातली कुठली?" असं विचारणं कोणालाही जमलं असतं. मला जमलं नाही. मी कोणाचंही बोलणं तोडू शकत नाही. शाळेत एकदा हजेरीत माझं नाव राहिलं होतं तरी मी बोलले नव्हते. मी विचार केला, रात्र आणि दिवस यांत फरक करायचा आहे, म्हणजे सूर्य-चंद्रवाली. मी तिच्यावर क्लिक केलं. पुढे अकरा महिन्यांनी मला कळलं की सूर्य आणि चंद्र एकत्र होते ते दोघांना एकच दर म्हणून.

पण हे अकरा महिन्यांनी. तोपर्यंत त्या घरात वीज कशी वापरली जायची ते सांगायला हवं.

टाकीला एक टायमर होता. तो पहाटे पाचला सुरू व्हायचा आणि सहा पंचावन्नला टक् करून बंद. सातला का नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. "पाच मिनिटं राखीव," काका म्हणाले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. राखीव गोष्टीला कारण लागत नसावं. बाथरूमच्या दाराबाहेर दोरीने एक वही लटकत असे. तीत पाळीप्रमाणे नोंदी: किती वाजता कोण गेलं, पाणी किती अंश होतं. तापमान घ्यायला काकूंचा पाक मोजायचा थर्मामीटर जप्त झाला होता. सातला एकसष्ट, नऊला अठ्ठावन्न, दुपारी एकला एकोणपन्नास. मराठी आकड्यांशी माझं आधी फार सख्य नव्हतं. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांच्यात मी वर्षानुवर्षं अंदाजाने वावरले होते. त्या वहीने ते पक्के केले. मोजण्यासाठी काढलेलं पाणी बादलीत जायचं आणि बादली लादी पुसायला. टाकीतून येणाऱ्या नळीची उष्णता वाया जाते असं काकांच्या लक्षात आल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात आले आणि कोपऱ्यातल्या योगाच्या चटईकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वापरतेस? खरं सांग." इतका थेट प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत चटई कापून नळीभोवती गुंडाळलेली होती, आणि दुपारच्या नोंदीत दोन अंशांची वाढ.

पाण्याइतकंच बाकीचं घरही सात वाजता सरळ होई. धुण्याचं मशीन, इस्त्री, मिक्सर, फोनचं चार्जिंग, सगळं सातच्या आत. गॅस यातून सुटला होता. "गॅसला घड्याळ नसतं," काका जरा तुच्छतेने म्हणत. मिक्सर मात्र विजेचा, त्यामुळे साडेसहाला खोबऱ्याची चटणी. शेजारच्या मलय बाई एकदा त्याची तक्रार घेऊन आल्या. काकांनी त्यांना आदराने आत बसवलं, चहा दिला आणि अर्धा तास ऑफ-पीक समजावलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. चर्चेपेक्षा मिक्सर बरा, असं त्यांनी ठरवलं असणार. काकू सोफ्यावर भाजी निवडत म्हणाल्या, "अहो, लग्नात सात पावलं चालवलीत तेव्हा वाटलं झालं एकदाचं. हे आठवं पाऊल बाथरूममध्ये, तेही सातच्या आत, हे भटजींनी सांगितलं नव्हतं." काका म्हणाले, "तेव्हा सगळीकडे एकच दर होता."

यातल्या कशानेही किती पैसे वाचतात, याकडे काकांनी कधी पाहिलं नाही. बिल परस्पर बँकेतून जायचं. "बिल हा परिणाम आहे," ते म्हणाले होते. "मी कारण सांभाळतो." त्यांना आनंद होता तो लोड हलवल्याचा. पहाटे ते खिडकीशी उभे राहत, समोर मलेशियाला जाणाऱ्या कॉजवेच्या दिशेने लॉऱ्यांचे दिवे सरकत असत, आणि ते समाधानाने म्हणत, "आपण कोणाच्या वाटेत नाही." मला ते वाक्य समजायचं. मी लहानपणापासून कोणाच्याही वाटेत न येण्याचा प्रयत्न करत आले आहे; फक्त मी तो लाजण्याने केला आणि काकांनी टायमरने.

सहा पन्नासला ते बाथरूमच्या दारावर दोनदा टकटक करायचे. "दहा मिनिटं राहिली!" काकू आतून उत्तर द्यायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी उत्तर देत नसे. बंद दाराआडून ओरडणं मला जमत नव्हतं. मी आतून टकटक परत करायची. काकांना ते चालायचं. वहीत माझ्या नावापुढे ते लिहीत: "पोच मिळाली."

इस्त्रीचं मला सुरुवातीला फार अवघड गेलं. "उद्या काय घालणार?" असं काका रात्री जेवताना विचारत. दुसऱ्या माणसाने आपला कुर्ता इस्त्री करावा, तोही वडिलांच्या वयाच्या, हे मला नको होतं. पण नको म्हणण्यासाठी बोलावं लागलं असतं. मग मी कपडा खुर्चीवर ठेवायला लागले, आणि सकाळी तो दाराच्या कडीला टांगलेला मिळायचा. बाह्यांची घडी माझ्या आईपेक्षा नीट.

मग जुलैत आमच्या ऑफिसमधली टीम बंद होणार असं ठरलं. नोकरी गेली की इथे राहायचा पास जातो, आणि पास गेला की थोड्याच दिवसांत माणूसही जातो. मी हे घरात कोणाला सांगितलं नाही. एका दुसऱ्या कंपनीत मुलाखत मिळाली, नऊ वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मी पहाटेपर्यंत जागी होते आणि मग जी झोपले ती सात वाजून गेल्यावर उठले. आंघोळ राहिली होती. शर्ट इस्त्रीला ठेवायचंच विसरले होते. आदल्या दिवशी टाकीत काही बिघाड निघाला होता, तो दुरुस्त करताना पाणी सोडून दिलं होतं, आणि पहाटे भरलेली टाकी काकूंच्या केस धुण्यात संपली होती. मी खोलीच्या दारात चुरगळलेला शर्ट हातात धरून उभी राहिले. काय झालं म्हणून काकांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

"इंटरव्ह्यू?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

ते बाथरूममध्ये गेले. टायमर बाजूला काढून त्यांनी टाकीचं बटण हाताने चालू केलं. मग इस्त्री लावली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून बघत राहिल्या. इस्त्री आणि हीटर, दोन्ही भर पीकमध्ये, एकाच वेळी. मी निघताना वहीत पाहिलं. नेहमीच्या रेखीव अक्षरात एवढंच होतं: "७.२०. आपत्कालीन. मंजूर." खाली सही.

ती नोकरी मला मिळाली.

ऑक्टोबरमध्ये काकांना मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच सुचवला होता: नव्या घरातलं विजेचं नियोजन. बोलावणाऱ्यांना बहुधा गाण्याला तबलजी मिळेपर्यंत वेळ काढायचा होता. पण काकांनी आठवडाभर तयारी केली. वहीतल्या नोंदींचे आलेख काढले. आणि दिवाळीच्या तीन दिवस आधी मला म्हणाले, "शेवटी एक बिल दाखवू. मी बघत नाही, पण तिकडे बँकवाले येतात. त्यांना परिणाम लागतो." मी त्यांच्या खात्यात पहिल्यांदा गेले आणि बिल उघडलं. योजनेच्या नावाशेजारी सूर्य आणि चंद्र होते. खाली लिहिलं होतं, चोवीस तास एकच दर.

मी ते पान बराच वेळ बघत बसले. अकरा महिने. पहाटे पाच. मिक्सर, मलय बाई, माझी चटई. आधी मनात आलं ते माझ्याबद्दल फारसं चांगलं नाही: गुपचूप योजना बदलून टाकावी. मी कंपनीच्या पानावर शोधलं. घड्याळवाली योजना नव्या ग्राहकांना बंद झाली होती. मग वाटलं, बिल सापडत नाही म्हणावं. पण काका रविवारी शे-दीडशे लोकांसमोर उभे राहणार होते आणि त्यातला एखादा बँकवाला नक्की विचारणार होता की योजना कुठली. त्यांना तोंडघशी पाडायचं की आजच सांगायचं, एवढाच प्रश्न होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ती सात वीसची नोंद. त्या सकाळी काकांनी माझ्यासाठी जे मोडलं, ते मोडलंच गेलं नव्हतं. हे त्यांना सांगणं मला चोरीसारखं वाटत होतं.

दोन दिवस मी बोलले नाही. तिसरा दिवस नरकचतुर्दशीचा. काका वर्षभर या सकाळची वाट बघत होते. अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आत करायचं, आणि इथे सूर्य बाराही महिने सातच्या आसपासच उगवतो. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "पूर्वजांना ऑफ-पीक कळत होतं." कारीट मिळालं नव्हतं, म्हणून बाथरूमच्या उंबऱ्यावर चेरी टोमॅटो ठेवले होते, प्रत्येकी एक. काकूंनी माझ्या डोक्याला तेल चोळलं, उटणं लावलं, आणि मी टोमॅटो अंगठ्याने फोडून आंघोळ करून आले. मग काकू आत गेल्या. काका वही घेऊन बाहेर उभे. सहा पन्नास. त्यांनी दारावर टकटक केली आणि मी म्हटलं, "काका, आपली योजना चुकीची आहे."

त्यांनी वळून पाहिलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"म्हणजे?"

"ऑफ-पीक नाहीये. मी फॉर्म भरताना दुसरीवर क्लिक केलं. आपल्याला दिवसरात्र एकच दर आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

 आतून तांब्याचा आवाज येत होता. मग टायमर टक् करून बंद झाला. म्हणजे पाच मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. काकांनी वहीची पानं मागे चाळायला सुरुवात केली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. मला वाटलं ते बेरीज करताहेत. ते जुलैपाशी थांबले.

"मग त्या दिवशी," ते म्हणाले, "सात वीसला..."

"तोच दर होता काका." मला रडू यायला लागलं होतं, ते मी उटण्यावर ढकलणार होते. "ती नोंद खोडा हवी तर."

"खोडायची?" पहिल्यांदाच ते माझ्यावर जरा रागावले. "नोंद त्या वेळच्या माहितीवर करतात. नंतर माहिती बदलली म्हणून नोंद बदलत नसतात. एवढंही शिकली नाहीस इथे राहून?" वही त्यांनी मिटली. "आणि फॉर्म भरताना मी काय बोलत होतो?"

"भट्टीबद्दल."

"हं." त्यांनी मान हलवली. "सूचना अपुरी. चूक सूचना देणाऱ्याची. आमच्याकडे हाच नियम होता."

आतून काकू ओरडल्या, "अहो, सात झाले का हो? अजून दोन तांबे घ्यायचेत!"

काकांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून एक मिनिट. "घे," ते म्हणाले. "सावकाश घे."

बाथरूममधला तांब्याचा आवाज एकदम थांबला. मग काकूंनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

रविवारी काका बोलायला उभे राहिले. आलेख दाखवले. टाकी, नळी, चटई, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "या वर्षभरात आम्ही ज्या योजनेसाठी हे केलं ती आमच्याकडे नव्हतीच. सूचना मी नीट दिल्या नव्हत्या. फॉर्म भरताना गप्पा मारू नयेत." लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत चकलीची प्लेट मांडीवर घेऊन खाली बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका बँकवाल्याने हात वर केला. "काका, मग वाचलं काय?" काकांनी गांभीर्याने विचार केला. "दुपारी एक वाजता एकावन्न अंश," ते म्हणाले आणि खाली बसले.

मला वाटलं होतं की आता घर बदलेल. काकूंनी तसं जाहीरही केलं: "उद्यापासून मी दहाला नाहणार." दुसऱ्या दिवशी दहाला नाहिल्याही. बाहेर आल्या त्या नाराज. "कोणी दार वाजवत नाही, काही नाही. आत बसल्याबसल्या झोप यायला लागली." तिसऱ्या दिवशी साडेसहाला त्यांचं पातळ बाथरूमच्या दारावर पडलेलं होतं. काकांनी टायमरला हातही लावला नाही. "मशीनला लागलेली सवय उगाच मोडू नये," ते म्हणाले. मशीन म्हणजे नेमकं कोण, ते मी विचारलं नाही.

जानेवारीत मला ऑफिसच्या जवळ जावं लागलं. आता मी बुकित पंजांगला एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मालक परदेशात असतो. मी त्याला पाहिलेलं नाही. बाथरूममध्ये इन्स्टंट हीटर आहे. बटण दाबलं की पाणी गरम, कधीही, माझ्या मर्जीने. निघताना काकांनी मला एक पुडकं दिलं होतं. त्यात तसाच एक टायमर होता. "नव्या घरातला लोड बघून लाव," ते म्हणाले. लोड असा काही नाही. एक दिवा आहे आणि फोन. तो दिवा मी टायमरला लावला आहे, पाचला लागतो, सहा पंचावन्नला बंद होतो.

कपडे मी रात्री खुर्चीवर काढून ठेवते. सकाळी ते खुर्चीवरच असतात. मग मी इस्त्री करते, बाह्या काकांसारख्या घडी घालायचा प्रयत्न करते, आणि आंघोळीला जाते. खोलीतून टक् असा आवाज येतो. इतका बारीक आवाज बंद दारातून ऐकू येऊ नये, पण येतो. ज्या घरात सव्वा वर्ष मी दाराआडून एक शब्द बोलले नाही, तिथे उत्तर द्यायला हवं होतं असं आता वाटतं. म्हणून इथे देते. पाणी अंगावर घेत मी मोठ्याने म्हणते, "आले काका, पाच मिनिटं."